फिरून घरी येणारी वाट

तिला सगळे फक्कीताई म्हणत. बाग आखायला गेली की ती आधी खुंट्यांना सुतळी ताणायची आणि मग पत्र्याच्या डब्यातून चुन्याची पांढरी फक्की सोडत सोडत जमिनीवर वाट उमटवायची. नाव पहिल्यांदा ठेवलं तिच्या गवंड्याने. रोपवाटिकावाल्याने ते उचललं आणि शेवटी नवराही तेच म्हणायला लागला. तिच्या चपलांच्या टाचा कायम पांढऱ्या असत. नवरा म्हणायचा, "ही हरवली तर काळजी नाही. उंबऱ्यापासून पावलं मोजत गेलं की सापडेल."

घराची पुढची खोली हेच तिचं ऑफिस. उभं राहून काम करायचं उंच टेबल, भिंतीला चिमट्यांनी लटकवलेले नकाशे, खिडकीत मातीचे नमुने भरलेल्या बरण्या. गिऱ्हाईक आलं की फुलांबद्दल ती अवाक्षर काढायची नाही. आधी विचारायची, "संध्याकाळी तुम्ही बसता कुठे?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "आकडा किती? आत्ताच सांगा. नंतर सांगितलात तर माझी झाडं मरतात." लोक हसायचे, पण खरा आकडा सांगून टाकायचे.

एका घरातल्या सूनबाईने मात्र आकडा स्वतःहून सांगितला. दारातच. "तीन लाख आहेत, ताई. त्याच्या वर एक पैसा नाही. पण काम लवकर हवं."

ही सूनबाई एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी नावं लिहून घ्यायला बसायची. नवरा औषधांच्या कारखान्यात पाळीवर. घर नवीन, मागे मोकळी जमीन, बांधकामाचा उरलेला राडारोडा अजून तसाच. मागच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बुटांच्या नाड्या बांधत बसले होते. स्वच्छ दाढी, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"हे आमचे आबा," सून म्हणाली. "सासरे."

"येतो हं," आबा उठून म्हणाले आणि मोकळ्या जमिनीवरून सरळ रस्त्याकडे चालू लागले. सून मागे धावली, दंडाला धरून त्यांना परत घेऊन आली. त्यांनी काही विरोध केला नाही. पायरीवर बसले आणि पुन्हा नाड्या चाचपू लागले.

हेच काम होतं. आबांची आठवण विस्कटली होती आणि ते जात होते. कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "जरा जाऊन येतो." आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. त्यांचा मुलगा सांगायचा, "बाबांना चालायचा एवढा कंटाळा की कोपऱ्यावरच्या दुकानात जायला सायकल काढायचे." आता तेच आबा चालत सुटत. शेवटच्या वेळी ते सापडले हमरस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर, दोन्ही बाजूंनी ट्रक जात असताना, कडेच्या दगडावर तोल सांभाळत.

फक्कीताईने एका शिबिरात अशा माणसांसाठीच्या बागांबद्दल ऐकलं होतं. वाट मध्येच संपली की ही माणसं घाबरतात, चिडतात. म्हणून वाट गोल ठेवायची. घराच्या पायरीपासून निघून झाडांमधून वळत वळत पुन्हा पायरीशी येणारी. बाहेरचं फाटक नजरेला पडू द्यायचं नाही. तिने त्याच आठवड्यात नकाशा काढला आणि तो तिला मनापासून आवडला. कुंपणाला जाळी आणि तिच्यावर मेंदी. सगळ्यात लांबच्या वळणावर छोटं छप्पर, त्याखाली बाक आणि शेजारी एक मोठं, तयार झाड, पहिल्या दिवसापासून सावली देणारं.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तिघं बसली. मुलाने नकाशा पाहिला आणि बोट थेट कुंपणावर ठेवलं.

"मेंदी वाढायला किती दिवस?"

"दोन वर्षांत जाळी दिसणारही नाही."

"दोन वर्षं मी पाळीवर फोन हातात धरून बसू, ताई? आणि जाळीचं काय घेऊन बसलात? त्यांच्या हातात जन्मभर हत्यारं होती. घरात एक पक्कड सापडली की जाळी संपली." त्याने बोट कुंपणाच्या रेघेवरून फिरवलं. "भिंत घाला. माझ्या डोक्याच्या वर जाईल अशी."

चुकीचं तो काही बोलत नव्हता. पण भिंतीने निम्म्याहून जास्त पैसे खाल्ले. उरलेल्यात वाटेच्या फरशा, माती, पाण्याचे पाइप आणि रोपं बसवायची होती.

"मग कात्री कुठे लावायची ते तुम्हीच सांगा," फक्कीताई म्हणाली.

सूनबाईने कागद स्वतःकडे ओढला. "हे छप्पर, हे मोठं झाड... हे नंतर करता येईल ना?"

"येईल."

"आणि बाक?"

"बाक राहू द्या," फक्कीताई म्हणाली.

"बाक आमचा गॅलरीतला आहे की. तोच ठेवू तिकडे."

फक्कीताईने कागदाच्या तळाशी 'नंतर' असं लिहिलं आणि तिन्ही गोष्टी तिथे उतरवल्या. इतक्या वर्षांत त्या शब्दाखालून एकही गोष्ट वर आलेली तिने पाहिली नव्हती. तरी तिने वाद घातला नाही. वाट गोल होती, भिंत पक्की होती, माणूस ट्रकखाली जाणार नव्हता. मुख्य काम होत होतं.

आखणीच्या दिवशी आबा तिच्या मागे मागे फिरले. ती फक्की सोडत पुढे जायची आणि ते त्या पांढऱ्या रेघेला लागून एकेक पाऊल ठेवत यायचे, रेघ मोडू नये अशा बेताने. पूर्ण फेरी झाली. दोघं पुन्हा पायरीपाशी आली.

"काय करतेस तू?" आबांनी विचारलं.

"वाट करतेय, आबा. तुमच्यासाठी."

"कुठे जाते ही?"

"फिरून घरीच येते."

आबांनी मान वळवून सगळी रेघ पाहिली. "मग जायचं कशाला?"

तिला हसू आलं. रात्रीच्या जेवणाआधी तिने हा किस्सा नवऱ्याला रंगवून सांगितला. तो भाजी चिरत होता. हसला नाही. "बरोबर विचारलंय त्यांनी," एवढंच म्हणाला आणि चिरत राहिला. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण दुसऱ्या दिवशी विटांची गाडी यायची होती.

गवंडी तिच्याबरोबर कित्येक वर्षं काम करत होता. कमी बोलायचा, आणि बोलला की कामाचं बोलायचा. भिंत कमरेएवढी झाली तेव्हा त्याने तिला बाजूला घेतलं.

"ताई, मला हे बरं वाटत नाही."

"पाया खचतोय का?"

"पाया नाही. ते बघा."

आबा विटांच्या ढिगाजवळ उभे होते. एक वीट उचलून, फुंकर मारून, गवंड्याच्या जागेपाशी नेऊन ठेवत होते. मग दुसरी. नीट, कडा जुळवून.

"सकाळपासून चाललंय," गवंडी म्हणाला. "नको म्हटलं तर ऐकत नाहीत. स्वतःच देतायत हो विटा."

"हाताला काम आहे, खूश आहेत. देऊ द्या."

गवंडी परत कामाला लागला. भिंत वर गेली तसं समोरच्या घराचं छप्पर दिसेनासं झालं, मग रस्त्याचे दिवे, मग फक्त आभाळ. फाटक कोपऱ्यात बसवलं, भिंतीच्याच रंगात रंगवलं, कडी बाहेरून. काम संपलं त्या संध्याकाळी आबा भिंतीवर तळवा टेकवून कडेकडेने चालत गेले, मधेच थांबून एखादी जागा बोटाने दाबून बघत. लिफ्टचं बटण शोधावं तसे. फाटकावरूनही त्यांचा हात तसाच पुढे सरकला.

बागेचा हिशेब त्याच दिवशी चुकता झाला. आठवड्याने सूनबाईचा फोन आला. "ताई, काल दुपारी मी झोपले. कधीपासून झोपले नव्हते दिवसा. आबा कुठे जात नाहीत. छान फिरतात बागेत." फक्कीताईचा जीव भांड्यात पडला. सूनबाईने दवाखान्यात बागेचे फोटो दाखवले होते, डॉक्टरांनाही फार आवडले होते.

मग ऊन तापायला लागलं. रोपं तग धरतायत का ते बघायला फक्कीताई एका दुपारी त्या घरी गेली. सूनबाई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. "जा ना मागे, आबा आहेतच."

ती पायरीवर उभी राहिली. आबा समोरून आले. चेहरा ओळखू येत होता, बाकी माणूस निम्मा झाला होता. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं.

"येतो हं," तिच्याकडे बघून ते म्हणाले आणि पुढे गेले.

ती थांबली. ते वळणाआड दिसेनासे झाले, दुसऱ्या बाजूने उगवले, पायरीपाशी आले. "येतो हं." आणि पुढे. तिने फरशांकडे पाहिलं. वाटेच्या आतल्या कडेने एक गुळगुळीत काळपट पट्टा उमटला होता, सगळीकडे सारखा.

ती उतरली आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागली. आबांचा श्वास ऐकू येत होता. ओठ कोरडे पडून फुटले होते.

"आबा, जरा थांबू या?"

"नको. उशीर होतोय."

"कुठे जायचंय?"

"हे काय, आलंच आता."

लांबचं वळण जवळ आलं, तसा त्यांचा चेहरा उघडत गेला. मान उंचावली, पावलं भरभर पडू लागली, जणू तिथे कोणीतरी वाट बघत उभं आहे. वळणावर काहीच नव्हतं. गॅलरीतला बाकही कोणी आणून ठेवला नव्हता. वाट वळली, आबा वळले आणि चेहरा मिटला. पायरी आली. "येतो हं," ते रिकाम्या पायरीला म्हणाले आणि पुन्हा निघाले. पुढच्या फेरीला पुन्हा तसंच. त्याच जागी चेहरा उघडला, त्याच जागी मिटला.

स्वयंपाकघराच्या दारातून सूनबाई बाटली घेऊन आली, चालत्या आबांच्या हातात दिली, त्यांनी चालता चालताच दोन घोट घेतले, तिने बाटली परत घेतली. सरावाने. जेवणही तसंच चालतं हे फक्कीताईला तेव्हा कळलं. पोळीची गुंडाळी हातात आणि पाय चालू.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"सुरुवातीपासून. चालणं चांगलं असतं असं आबांचे डॉक्टर म्हणाले."

"दिवसभर चालतात हे त्यांना सांगितलंत?"

सूनबाईने बाटलीचं झाकण लावलं. काढलं, परत लावलं. "ताई, ते आत आहेत. मला तेवढं पुरतं."

मुलगा पाळीवरून आला तेव्हा फक्कीताई अजून तिथेच होती. तिने त्याला सांगितलं, वाट मोडावी लागेल, लांबच्या वळणावर संपवावी लागेल, तिथे बसायला जागा करावी लागेल. तो दमलेला होता. डबा टेबलावर ठेवत म्हणाला, "वाट संपली की घाबरतात, असं तुम्हीच बोलला होतात. म्हणून तर गोल केली."

"बोलले होते."

"मग?"

"मला वाटलं होतं, फिरून दमतील आणि घरात येतील. दमतायत, पण येत नाहीत. ते निघालेत आणि पोचत नाहीत. पोचल्याशिवाय थांबणार कसे?"

"आणि संपवल्यावर पोचतील?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

खिडकीबाहेर त्याचे वडील पुन्हा एकदा दिसले आणि गेले. शेवटी सूनबाईच म्हणाली, "करा. पण आता आमच्याकडे द्यायला काही नाही."

"नको मला काही."

गवंडी दुसऱ्या सकाळी आला. वाट मोडायचीय म्हटल्यावर त्याने कारणही विचारलं नाही. लांबच्या वळणापासून परत घराकडे येणाऱ्या फरशा उपटल्या, माती भरली, दाट झुडपं लावली. वळणावर बाक आला. आबांना तेवढा वेळ खोलीत बसवलं होतं. आतून बुटांचा आवाज येत होता.

दुपारी त्यांना सोडलं. "येतो हं," म्हणत ते पायरी उतरले. झाडांमधून गेले, मान उंचावली, चेहरा उघडला आणि वाट संपली. ते थांबले. पायरीवरून सगळे बघत होते. कितीतरी दिवसांनी तो माणूस एका जागी उभा होता.

बाकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. समोर भिंत होती. त्यांनी तिच्यावर बोटांच्या सांध्यांनी टकटक केलं, हळूच, एखाद्याची झोपमोड होऊ नये तसं. थोडं थांबले. पुन्हा टकटक. मग तळव्याने थाप. मग दोन्ही तळव्यांनी.

"दार उघडा," आबा म्हणाले. आणखी मोठ्याने, "कोण आहे का? दार उघडा."

पलीकडच्या गल्लीत कोणाची तरी सायकल थांबली आणि पुन्हा निघून गेली. मुलाने तोंडावर हात ठेवला. गवंडी जमिनीकडे बघत होता. फक्कीताईला वाटलं, आपण त्या माणसाचं दुसऱ्यांदा वाटोळं केलं.

सूनबाई गेली. धावली नाही. वाटेने चालत गेली, आबांच्या अंगाला हातही न लावता बाकावर बसली, हात मांडीवर घेऊन.

आबांची थाप थांबली. ते वळले. "तू कशी इथे?"

"मीपण थांबलेय, आबा."

"तूपण थांबलीस?"

"हो ना."

आबांनी भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मग ठीक आहे," म्हणाले आणि तिच्याशेजारी बसले. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. ऊन उतरेपर्यंत दोघं तशीच बसली. मग ती म्हणाली, "चला," आणि ते मुकाट उठून तिच्या मागून घरात आले.

त्या दिवसापासून बाकावर रोज कोणीतरी बसावं लागायचं. सूनबाईने दवाखान्यातलं काम अर्ध्या दिवसावर आणलं, पगारही अर्धा झाला. मुलगा पाळी बदलून घ्यायचा तेव्हा तो बसायचा. सुरुवातीला मोबाईल बघत, नंतर मोबाईल घरात ठेवून. फक्कीताईला काम नसेल त्या दिवशी ती जायची. आबांच्या अंगावर थोडं मांस चढलं. कधीकधी मात्र कोणालाच जमायचं नाही, आणि त्या दिवशी भिंतीवरच्या थापा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायच्या. शेजाऱ्यांनी तक्रार केली. सूनबाईने ऐकून घेतली.

थंडीत आबांच्या छातीत कफ झाला आणि ते इस्पितळात गेले. फक्कीताई भेटायला गेली तेव्हा पांघरुणाखाली त्यांचे पाय हलत होते, सावकाश, एकामागून एक. मुलगा पायांवर हात ठेवून बसला होता. चौथ्या दिवशी तेही थांबलं.

इथे सगळं संपायला हवं होतं. पण सूनबाईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते जुने फोटो, गोल वाटेचे, भिंतीचे, हौसेने चार जणांना दाखवले होते. त्या चौघांनी आणखी कोणाला. फक्कीताईला फोन येऊ लागले. "आमच्या आईसाठी तशीच हवी." "आमच्या काकांसाठी." ती सांगायची, वाट कुठेतरी संपेल आणि तिथे रोज घरातलं कोणीतरी बसेल, तर मी येते. पलीकडचा माणूस म्हणायचा, "ते बघू नंतर. भिंतीचा आकडा काय होईल?"

तिने नाही म्हटलेली कामं एका फरशीवाल्याने घेतली. भिंत, गोल वाट आणि बाहेरून कडीचं फाटक, सगळं मिळून एक ठरलेली रक्कम. फक्कीताई त्याच्या दुकानात गेली. टेबलाच्या काचेखाली तिचाच नकाशा होता, फोटोंबरोबर फिरत तिथवर पोचलेला, वळणावळणासकट. तळाचा 'नंतर'चा भाग कापलेला.

"वाट कुठेतरी संपवा," ती म्हणाली. "निदान एक बाक घाला."

फरशीवाल्याने तिला चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. "ताई, बाक कोणी मागतच नाही. मी घातला तर म्हणतात, हा कशाला, एवढे कमी करा." मग हसून म्हणाला, "आणि वाट मध्येच संपवली तर माझ्या फरशा कोण घेणार?"

"किती केल्यात अशा?"

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर गेला. तिने चहा तसाच ठेवला. जवळचा एक पत्ता मागून घेतला.

घर एका शांत गल्लीत होतं. भिंतीला अजून रंगाचा वास होता. तिने बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं, आत एक बाई, ओले हात.

"तुमच्या बागेबद्दल बोलायचं होतं," फक्कीताई म्हणाली.

"बाग छान झालीय. काही तक्रार नाही."

"तुमच्या आई..."

"आई मजेत आहे. फिरते दिवसभर." बाईने तिच्या पिशवीकडे पाहिलं. "आम्हाला काही घ्यायचं नाहीय हो."

"मी विकायला नाही आले. थोडा वेळ आत येऊन त्यांच्याजवळ बसले तर चालेल का?"

बाईच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग संशय. दार लागलं.

फक्कीताई भिंतीलगत उभी राहिली. पलीकडून सपाता घासल्याचा आवाज येत होता. तो जवळ आला, तिच्या खांद्यापाशी आला, पुढे गेला, बारीक झाला. ती आपल्या घरच्या वाटेला लागली नाही. आवाज पुन्हा वाढू लागला तेव्हा तिने दाराशी जाऊन परत बेल दाबली आणि बोट तसंच दाबून धरलं.